खडूच्या दोन गाड्या

मागच्या मार्चात आमच्या गच्चीवर दोन गाड्या उभ्या होत्या. एक बारा फुटी, एक अठरा फुटी. दोन्ही खडूच्या.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाईच्या घरात बाकी कशाचीही वानवा असली तरी खडूची नसते. आणि कालव्यांच्या मोजमापात आयुष्य गेलेल्या माणसाकडे तीस मीटरचा टेप असतोच. लातूरच्या उन्हानं तापलेली फरशी संध्याकाळी जरा निवली की आम्ही दोघं वर जायचो. हे टेपचं एक टोक अंगठ्याखाली दाबून धरायचे, मी ओणवी होऊन रेघ मारायची. शेजारच्या गच्चीवर वाळलेल्या मिरच्या गोळा करायला आलेल्या भाभींनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, काय करायलाव हो?"

"गाडी बघायलोत."

त्यांनी कठड्यावरून वाकून खाली रस्त्यावर बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. मग मिरच्यांची पाटी उचलून गेल्या.

झालं असं, की दोघांचीही नोकरी संपल्यावर फिरायचं ठरलं, आणि लॉजवर अडलं. हे कुठल्याही लॉजवर गेले की खोली बघायच्या आधी जिना बघतात. तळमजला मिळाला तर ठीक, नाहीतर रात्रभर खुर्चीत. माझं दुखणं वेगळं. मला परक्या उशीचा वास चालत नाही. अशा दोघांनी तीर्थयात्रासुद्धा मुक्काम टाळून, पहाटे निघून रात्री परत, अशी कैक वर्षं केली. तुळजापूर, औंढा, परळी, अंबाजोगाई हे सगळं एका दिवसात उरकतं. माहूर नाही उरकत. अजिंठा तर नाहीच.

पुण्याच्या मुलानं यावर तोडगा म्हणून कॅम्पर व्हॅनचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. झोपायचं, रांधायचं, सगळं गाडीतच. व्हिडिओतली जोडपी युरोपातली. त्यांच्या गाड्या बऱ्याचदा फियाट डुकाटो नावाच्या मालवाहू व्हॅनवर बांधलेल्या. तिच्या लांब्या मला आता पाढ्यासारख्या पाठ आहेत: ५.४१ मीटर, ५.९९ मीटर, ६.३६ मीटर. तिथले लोक या तिन्हींवरून इतके वाद घालतात की आपल्याकडे सोयरिकीत घालत नसतील. सर्वांत आखूड गाडीतही दोघांचा संसार मावतो, कारण ती आतून सुमारे १.८७ मीटर रुंद असते. त्यामुळे पलंग आडवा टाकता येतो. डोकं एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. लांबी वाचते, आणि वाचलेल्या लांबीत ओटा, बाक, न्हाणी असं सगळं बसतं.

युक्ती झकास आहे. पण पेपर तपासायची सवय जात नाही. मी व्हिडिओ थांबवून थांबवून एकच गोष्ट बघत होते. पलंगावर आतल्या बाजूला, मागच्या दाराला खेटून, कोण झोपतं? मी बघितलेल्या बहुतेक गाड्यांत बाई. आणि रात्री ती उठते कशी? सकाळची कॉफी दाखवतात, खिडकीतला तलाव दाखवतात, कुत्रं दाखवतात. रात्री अडीच वाजताचं कुणी दाखवत नाही.

आपल्याकडे बघायला गेलं तर निवडीला फार वाव नाही. कॅम्पर घ्यायचीय म्हटल्यावर यांच्या एका मित्रानं लगेच सांगितलं, "मग बोलेरो कॅम्पर घ्या की!" नाव कॅम्पर आहे हे खरं. पण तो दोन रांगांच्या सीटांचा पिकअप आहे. आमच्या भागात त्यातून कांदे जातात, शेळ्या जातात आणि निवडणुकीत कार्यकर्ते जातात. मुलाचं म्हणणं फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटाची विंगर. दोन्हीत माणूस ताठ उभा राहतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू. आणि तिसरी आमची आपली मारुती इको, जिच्यातून मी शेवटची आठ वर्षं इतर सहा शिक्षिकांबरोबर शाळेला जात होते. तिला कॅम्पर म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. यांनीच कॅटलॉग काढून आकडे वाचले: लांबी ३,६७५ मिलिमीटर, रुंदी १,४७५. मुलगा फोनवर हसला. पण मग त्यानंच शोधून सांगितलं, की जपानात सर्वांत लहान वर्गातल्या गाड्यांना लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटर अशी मर्यादा आहे. इंजिन ६६० सीसीच्या आतलं. आणि तसल्या गाडीत झोपून जोडपीच्या जोडपी देश फिरतात. आपली जुनी ओम्नी त्याच घराण्यातली. इको लांबीला त्या मर्यादेबाहेर जाते, रुंदीला आत बसते.

मग ठरलं, भांडण गच्चीवर मिटवायचं. मोठी लांब विंगर आणि छोटी इको, दोन्ही आखायच्या आणि प्रत्येकीत एकेक रात्र काढायची. नियम कडक. रेघ म्हणजे भिंत. भिंतीतून जायचं नाही. दार जिथं असेल तिथूनच.

पहिली मोठी गाडी. मागे आडवा पलंग, डावीकडे दाराशेजारी ओटा, मध्ये हातभर बोळ. खरंच ऐसपैस वाटलं. मी खाली बसून भाकरी थापल्या, यांनी बोळात उभं राहून कांदा फोडला. एक अडचण मात्र तिथंच कळली. दोघं एका वेळी बोळात मावत नाहीत. ओट्यापासून पलंगापर्यंत मला जायचं असेल तर यांनी आधी पलंगावर चढायचं. तीन वेळा झाल्यावर हे आपणहून पलंगावर जाऊन बसले आणि स्वयंपाक होईपर्यंत उतरलेच नाहीत. एरवी घरातही फार वेगळं नसतं म्हणा.

रात्री गाद्या टाकल्या. हे दाराकडच्या अंगाला, मी मागच्या रेघेकडे. हे नेहमीच दाराकडच्या अंगाला असतात. अडीच वाजता मला जाग आली. माझा डावा गुडघा वाकत नाही. उजवा पाय यांच्यावरून पलीकडे टाकला, डावा उचलायला गेले, आणि तोल जाऊन यांच्या पोटावर हात पडला.

हे ताडकन उठून बसले. "काय झालं? हललं का?"

तेहतीस वर्षं होत आली. अजून तेच दोन शब्द.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना आम्ही यांच्या गावी होतो, औसा तालुक्यात. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. आमचं लग्न होऊन पाच महिने झालेले. घर माळवदाचं. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात इतकं गार घर मी नंतर कधी बघितलं नाही. ते वरचं वजनच किल्लारीकडच्या गावांत माणसांच्या अंगावर आलं. आमच्या गावाला तडे गेले, भिंती फुगल्या, पण माणसं वाचली. आतली खोली, एकच दार, आणि ते चौकट वाकून अडकलेलं. यांनी ते कसं उघडलं हे आजही त्यांना सांगता येत नाही.

त्यानंतर दिवाळीच्या पुढेपर्यंत आख्खं गाव बाहेर झोपत होतं. आम्हां दोघांच्या वाट्याला ट्रॅक्टरची ट्रॉली आली. वर ताडपत्री, खाली कडबा, मागचं फाळकं उघडं. पावसाची झड आली की ताडपत्रीत पाण्याचं पोट सुटायचं आणि हे खालून काठीनं ते ढोसायचे. नव्या नवरीचा संसार म्हणजे एक स्टोव्ह, दोन पातेली, एक चरवी. मुलाला मी एकदा म्हणलं होतं, तुझ्या आईबापांनी कॅम्पर व्हॅन तुझ्या जन्माआधीच वापरलीय. त्याला विनोद वाटला.

तेव्हापासून हे दाराजवळ झोपतात आणि चपला दाराकडे तोंड करून ठेवतात. जिना बघतात. मी ते इतकी वर्षं बघत आलेय, की त्या रात्री गच्चीवर पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं, यांच्या दाराजवळ झोपण्याचा अर्थ असा की मी कायम आतल्या अंगाला. आणि गाडीत आतल्या अंगाला असणं म्हणजे रोज रात्री या माणसाला ओलांडणं, आणि रोज रात्री त्याला भूकंप.

दुसऱ्या रात्री छोटी गाडी. पलंग उभा टाकला, लांबीच्या दिशेनं. दोघं शेजारी-शेजारी, दोघांना मिळून जेमतेम चार फूट. खांदे लागत होते. इकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, दिवसभर चालवल्यावर तिथं ऊब राहते. म्हणून डोकी मागच्या दाराकडे, पाय पुढे. उभं राहायचा प्रश्नच नाही. मग मी डाव्या रेघेवर दाराची जागा आखायला लागले, तर हे म्हणाले, "अगं, उजवीकडं पण आख. हिला दोन्हीकडं सरकती दारं असतात."

आठ वर्षं त्या गाडीनं शाळेला गेले आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्रीही अडीच वाजता उठले. माझं डावं दार. पाय खाली सोडले, उभी राहिले, जाऊन आले. सकाळी यांना विचारलं, मी उठल्याचं कळलं का? तर म्हणे, तू उठली होतीस?

मोठ्या गाडीवर अन्याय नको म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला एक तयार कॅराव्हॅन दोन रात्रींसाठी भाड्यानं घेतली आणि वेरूळला नेली. आत एसी, फ्रिज, संडास, टीव्ही. दौलताबादजवळ रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जातो, तिथं समोरून येणाऱ्या बसला आधी जाऊ द्यायचं की आपण घुसायचं यात घामाघूम होऊन हे पंधरा मिनिटं थांबले. मागे रांग. हॉर्न. शेवटी एका पोरानं पुढे चालत हातवारे करून गाडी काढून दिली आणि चहाला पैसे घेतले. ते त्याचं रोजचंच काम असावं. रात्री मोटर पाणी ओढेना. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी मेला. बंद खिडक्यांची ती पांढरी पेटी वेरूळच्या उन्हात अशी तापली, की आम्ही कैलास लेण्यात जाऊन बसलो आणि पाच वाजेपर्यंत हाललो नाही. राष्ट्रकूटांनी अख्खा डोंगर वरून खाली खोदत नेला, त्यांच्या कामात एसीची गरज नव्हती.

बॅटरीचं गणित मी तिथंच बसून मांडलं. बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला युनिटभर खातो. म्हणजे तासा-सव्वा तासात बॅटरी गार आणि आपण गरम. उलट बारा व्होल्टचा वीस वॅटचा पंखा आठ तास फिरवला तर त्या बॅटरीचा आठवा हिस्सा जातो. दोन पंखे, दोन दिवे, फोन, एवढं चालवून दुसऱ्या रात्रीलाही पुरते, आणि छपरावर शंभर वॅटचं एक सौर पॅनेल टाकलं की दिवसा भरून निघते. पुण्याचा मुलगा म्हणाला, "मग उन्हाळ्यात काय करणार?" उन्हाळ्यात घरी राहणार. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात भटकायला निघणाऱ्या माणसाला कुठलीच गाडी वाचवू शकत नाही.

या व्हिडिओंमधल्या गाड्या घरासारख्या का असतात, हेही तिथंच उमगलं. त्यांच्याकडे बाहेर पाऊस आणि थंडी. म्हणून सगळं आत. आमच्याकडे दसऱ्यापासून होळीपर्यंत बाहेरच बरं असतं. आमच्या आजीच्या घरातही आत फक्त धान्य, देव आणि बाळंतीण असायची. बाकी सगळं अंगणात. गाडीत ओटा कशाला? मागचं दार वर उघडलं की त्याची सावली पडते, तिच्याखाली शेगडी मांडायची. गॅसचंही तेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता तळाशी साचतो, आणि आपण झोपणार नेमके तळाशी. पाच किलोचा सिलेंडर रात्री गाडीबाहेर, हा माझा हुकूम आहे. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून बसायची कल्पना यांनी एकदा मांडली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडवर मी आठवीच्या वर्गाला देते तसा तास दिला.

पाण्याबद्दल मात्र कुणाकडून शिकायची गरज नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं. आम्ही ते हंड्यांनी मोजलं. त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला असं फिरायचं. तांब्याभर पाण्यात डोकं सोडून आंघोळ होते, आणि दोन तांब्यांत डोक्यासकट होते. तेव्हा व्हिडिओत दोन माणसांना शंभर लिटरची टाकी "अपुरी पडते" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आम्ही दिवसाला दोघांत वीस लिटर धरलं. वीस-वीसचे दोन कॅन, म्हणजे दोन दिवस आणि चाळीस किलो. ते मागच्या टोकाला ठेवायचे नाहीत, पुढच्या सीटांच्या पाठीला लागून, खाली. जड ओझं दोन चाकांच्या मध्ये आणि जमिनीलगत. बैलगाडी भरणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. फ्रिजऐवजी छागल. जुन्या ट्रकांना आणि जीपांना पुढे लोंबकळायची ती जाड कापडाची पाण्याची पिशवी. कापड पाझरतं, वाऱ्यानं पाझर सुकतो, पाणी गार होतं. आमच्या कोरड्या हवेत तिला तोड नाही. दोन दुकानं फिरून गंजगोलाईतल्या तिसऱ्यात मिळाली. दुकानदारानं माळ्यावरून काढून फुंकर मारून दिली.

राहिला संडास. यावर लिहावं की नाही असं वाटलं, पण मग हे सगळं लिहिण्यात अर्थ काय? मी ज्या गावात वाढले तिथं बायका पहाटे अंधारात आणि रात्री अंधारात जायच्या. मधले बारा-चौदा तास धरून ठेवणं हा संस्कार होता. शाळेत नोकरीला लागले तेव्हा पहिली कित्येक वर्षं शाळेतही सोय नव्हती. दुपारी पाणी प्यायचं नाही हे आम्ही शिक्षिकांनी एकमेकींना शिकवलं. तेव्हा साठीला टेकल्यावर सहलीला जाऊन पुन्हा तेच करायची माझी तयारी नव्हती. गाडीत पक्का संडास बसवायला मोठी गाडी लागते, हे मोठ्या गाडीच्या बाजूनं शेवटचं आणि सर्वांत वजनदार मत होतं. मी ते मत दिलंही. मग औषधाच्या दुकानात घडीचा कमोड दिसला, म्हाताऱ्या आजारी माणसांसाठी असतो तो. खाली झाकणाची बादली, वर लाकडाचा भुसा, चारी बाजूंनी उभा राहणारा एक छोटा तंबू. माझ्या दारापासून चार पावलांवर. दिवसा पेट्रोलपंप आणि ढाबे. मी पाणी पिणं बंद करणार नाही, एवढीच माझी अट होती.

गाडी मग अंबाजोगाईत मिळाली. चार वर्षं वापरलेली, पाच सीटांची, पेट्रोलची. सीएनजीची मुद्दाम टाळली. तिची टाकी नेमकी आपल्या डोक्याखालची जागा खाते. खरी अडचण कागदाची होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. तयार कॅराव्हॅन बांधणाऱ्यांसाठी एआयएस-१२४ असं वेगळं मानकच आहे. म्हणजे पत्रा कापणं, वेल्डिंग, छप्पर उंच करणं, हे सगळं बाद. विम्यालाही ते चालणार नाही. आमच्या गल्लीतले सुतार मिस्त्री म्हणाले, "ताई, गाडीला हात लावायचाच कशाला? आपण पेटी करू. दोघांनी उचलायची, ठेवायची. पुन्हा दोघांनी उचलायची, काढायची."

मला ही कल्पना मिस्त्रींची वाटत होती. मुलानं सांगितलं, जर्मनीत वेस्टफालिया कंपनीनं १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी पहिल्यांदा केलं ते हेच होतं. कॅम्पिंग बॉक्स. आठवडाभर गाडी कामाला, सुट्टीत तिच्यात पेटी ठेवायची. मिस्त्रींना हे सांगितलं तर त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "प्लाय कितीचा वापरला म्हणले?"

पेटीला त्यांनी अठरा मिलिमीटरचा प्लाय सुचवला. मी बारावर आणला, कारण ती उचलणार आम्ही होतो, ते नव्हे. तीन पेट्या झाल्या. मागचं बाक निघताना उतरवून घरी ठेवायचं, परतल्यावर जागच्या जागी. पेट्यांवर फळ्या, फळ्यांवर लातुरातच भरून घेतलेली कापसाची गादी, मधोमध शिवून दोन भाग केलेली. गादी भरणाऱ्यानं विचारलं, जोड मधी कशाला, टोचंल की. म्हणलं, ज्याची त्यानं गुंडाळावी.

पहिला मुक्काम डिसेंबरात. औसा, तुळजापूर आणि तिथून नळदुर्ग. नळदुर्गात बोरी नदीला बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. हे धरणा-कालव्यांवरचे माणूस, त्यांनी तिथं तीन तास घेतले. दगडांचे सांधे बोटांनी चाचपून बघितले. मी तोवर तटावर बसून धपाटे संपवले.

रात्री महामार्गावरच्या एका ढाब्याच्या कडेला, मालकाला विचारून, गाडी लावली. समोर ऊसतोडीचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. दोन ट्रॉल्यांवर बाडबिस्तरा, बांबू, चटया, एका पाटीखाली कोंबडी, आणि त्या सगळ्यावर सहा माणसं. बीडकडची. त्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक "कोयता" मोजतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो. दोन माणसं, एक आकडा. त्यांतली एक तरणी बाई घागर घेऊन आली. ढाब्याचा नळ बंद झाला होता. मी कॅन तिरका केला, घागर भरेपर्यंत धरला. ती वाकून गाडीत बघत होती. गादी, पंखा, दिवा, पडदे.

"मावशी, घर केलंय व्हय?"

"फिरायला निघालोत. चार दिवस."

"दोन्हीकून दारं हायती," ती म्हणाली. "चांगलंय."

घागर डोक्यावर घेऊन गेली. वीस लिटरांतले पंधरा गेले होते, आणि मला उरलेल्या पाचाचा हिशोब मांडावासा वाटला नाही. तासाभरानं ट्रॅक्टर सुरू झाला, आणि त्यांचे दिवे उमरग्याच्या दिशेनं गेले.

दहा वाजता आम्ही आत शिरलो. मी डाव्या दारानं, हे उजव्या. पडदे ओढले. सिलेंडर बाहेर. चपला दोन्हीकडे, दाराकडे तोंड करून. अर्धा तास हे गप्प पडून होते. मग उठून बसले.

"अगं, त्याची बाज रिकामी हाय."

"कुणाची?"

"ढाब्याची. बाहेर. मी जरा तिथं पडतो."

यांनी त्यांचं दार सरकवलं, त्यांची अर्धी गादी गुंडाळली, रजई घेतली आणि गेले. महिनोन्‌महिने मोजून, आखून, कापून आणलेली दोघांची गाडी, आणि मी एकटी तिच्यात चार फूट रुंद पसरून. मागचं दार थोडं वर ठेवलं होतं, जाळीतून वारा येत होता. बाजेच्या सुंभाचा करकर आवाज दोनदा आला. मग घोरणं. अडीचला उठले, जाऊन आले, कुणाला ओलांडलं नाही.

पहाटे काचेवर टकटक झाली. उजव्या दाराची. यांच्या मिशीवर दव होतं आणि दात वाजत होते.

"थंडी वाजायली. सरक जरा."